वाचक विचारतात: ‘ड्राफ्ट’ म्हणजे नेमकं काय काय?

या महिन्याच्या पत्रांत एकाच इंग्रजी शब्दाबद्दल पाच पत्रं आली आणि पाचही जणांना त्याचा वेगळाच अर्थ हवा होता. शब्दाचं मूळ ‘ओढणे’ या क्रियापदात आहे. कोण काय ओढतंय ते पाहिलं की बहुतेक अर्थ आपोआप सुटतात.

जुनी मच्छीमार बोट विकत घेतोय. कागदावर ‘डेप्थ 2.1 मीटर, ड्राफ्ट 1.6 मीटर’ असं आहे. दोन्ही खोलीच ना? मग आकडे वेगळे कसे? (साखरीनाटे)

दोन्ही खोलीच, पण डेप्थ होडीची आणि ड्राफ्ट तिला लागणाऱ्या पाण्याचा. पठाणापासून (होडीच्या तळाचा कणा, इंग्रजीत कील) डेकच्या कडेपर्यंत होडीच्या अंगाची उंची म्हणजे डेप्थ. ती माल भरला तरी बदलत नाही. पाण्याच्या रेषेपासून होडीच्या सगळ्यात खालच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे ड्राफ्ट. पंख्याखालचा लोखंडी पट्टा किंवा सुकाणू पठाणाच्या खाली उतरत असेल तर मोजमाप तिथपर्यंत धरायचं, कारण वाळूला पहिल्यांदा तेच लागतं. दोहोंतली वजाबाकी, इथे साधारण 0.5 मीटर, ही पाण्यावर उरलेली बाजू. तिला इंग्रजीत फ्रीबोर्ड म्हणतात. मराठीत ‘होडीला किती पाणी लागतं’ असं विचारलं की ड्राफ्टचाच प्रश्न झाला, त्यासाठी वेगळा शब्द घडवायची गरज नाही.

विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: 1.6 मीटर रिकाम्या बोटीचा की भरलेल्या? पाण्याच्या रेषेपाशी बोटीचं क्षेत्रफळ 45 चौरस मीटर असेल तर प्रत्येक टनाला ती 2 सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त खाली बसते. बर्फ, डिझेल आणि पिण्याचं पाणी मिळून 8 टन चढवले की 17 सेंटिमीटर गेले. म्हणजे 1.6 रिकाम्या बोटीचा असेल तर आता ड्राफ्ट 1.77 मीटर आणि पाण्यावरची बाजू जेमतेम 33 सेंटिमीटर. मासळी भरून परतताना काय होईल, याचाही हिशेब आधीच करा. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं. समुद्राच्या पाण्याची घनता 1.025, गोड्याची 1, त्यामुळे तीच बोट खाडीत आणखी दोन-तीन सेंटिमीटर बसते.

खाडीच्या तोंडावरची वाळूची आड ओलांडताना हे आकडे कामाला येतात. नकाशावर तिथे 0.8 मीटर खोली दाखवली असेल, तर ती सगळ्यात खालच्या ओहोटीच्या आसपासच्या पातळीवरून धरलेली असते. भरतीच्या तक्त्यात त्या वेळी 1.7 मीटर असेल तर एकूण पाणी 2.5 मीटर. त्यातून 1.77 वजा केले की पठाणाखाली 73 सेंटिमीटर राहतात. हे झालं शांत पाण्यात. एक मीटरची लाट असेल तर दोन लाटांमधल्या खोलगटात अर्धा मीटर आणखी जातो आणि हातात उरतात 23. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरतीच कमी चढते. शिवाय दर पावसाळ्यात वाळू सरकते, तेव्हा नकाशावरच्या जुन्या खोलीपेक्षा या हंगामात आत-बाहेर केलेल्या माणसाचं ऐकावं.

बोटीवर ड्राफ्टच्या खुणा नसतील तर 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत, बोट वर ओढलेली असताना, रंगवून घ्या. नाळेवर (पुढच्या टोकाला) आणि मागे, दोन्हीकडे हव्यात, कारण बोट सहसा मागे जास्त बसते. मीटरच्या पद्धतीत आकडे 10 सेंटिमीटर उंचीचे आणि 20-20 सेंटिमीटरवर असतात, आणि आकड्याचा तळ म्हणजे ते माप. ‘14’च्या तळाला पाणी टेकलं तर 1.4 मीटर, माथ्याला टेकलं तर 1.5. हे उलटं वाचणारे बरेच भेटतात.

त्याच कागदांत ‘एअर ड्राफ्ट’ आहे. हा वाऱ्याचा झोत का? (साखरीनाटे, तेच वाचक)

नाही. वाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. पाण्याच्या रेषेपासून डोलकाठीच्या किंवा वायरलेसच्या अँटेनाच्या टोकापर्यंतची उंची म्हणजे एअर ड्राफ्ट. खाडीपुलाखालून जायचं असेल तर हा आकडा हवा. भरतीला पुलाखालची जागा कमी होते आणि रिकामी बोट वर उचललेली असते. आडेवरून जायला भरती हवी, पुलाखालून जायला ओहोटी. वाटेत दोन्ही असतील तर मधली वेळ काढावी लागते.

नोकरभरतीच्या जाहिरातीत ‘मागणी मसुदा जोडावा’ असं छापलंय. नक्की काय जोडायचं? (राजापूर)

डिमांड ड्राफ्ट. कुणीतरी शब्दाला शब्द लावून मोकळं झालंय. बँकेच्या मराठीत त्याला ‘धनाकर्ष’ म्हणतात, आणि शब्द नेमका आहे: आकर्ष म्हणजे ओढणं, एका शाखेने दुसऱ्या शाखेवर पैसे ओढायची चिठ्ठी. बोलताना मात्र डीडीच म्हणा, कुणी अडणार नाही.

काढताना लाभार्थ्याचं नाव आणि ‘येथे देय’चं गाव जाहिरातीतल्याप्रमाणे अक्षरशः लिहा. मुदत तारखेपासून तीन महिने असते (1 एप्रिल 2012 पासून, त्याआधी सहा होती). 50,000 रुपये किंवा जास्तीचा ड्राफ्ट रोखीने मिळत नाही, खात्यातून किंवा चेकनेच काढावा लागतो. 20,000 पासून पुढे त्यावर ‘अकाउंट पेयी’ची रेघ असते. 15 सप्टेंबर 2018 पासून काढणाऱ्याचं नावही ड्राफ्टवर छापतात, म्हणून मुलाच्या अर्जासोबत वडिलांच्या नावाचा ड्राफ्ट दिसला तरी ती बँकेची चूक नाही. मुदत उलटली की पैसे बुडत नाहीत. काढलेल्या शाखेत जाऊन तो नव्याने वैध करून घ्या किंवा रद्द करा. झेरॉक्स जपून ठेवा.

‘प्रारूप’ आणि ‘मसुदा’ यांत फरक काय? दोन्ही ड्राफ्टच ना? (अलिबाग)

सरकारने लोकांच्या हरकतींसाठी प्रसिद्ध केलं ते प्रारूप: प्रारूप मतदार यादी, प्रारूप प्रभाग रचना, प्रारूप अधिसूचना. दोन माणसांत किंवा कार्यालयात लिहिलं-खोडलं जातं तो मसुदा: खरेदीखताचा, पत्राचा, कराराचा. घटनेची होती ती मसुदा समिती. जुन्या कचेऱ्यांत ‘खर्डा’ म्हणत. आम्हाला तो शब्द अजूनही आवडतो, खाडाखोड त्यात ऐकू येते.

प्रारूप पाहून घाबरू नये, पण निवांतही बसू नये. मतदार यादीत नाव नसेल तर नमुना 6, चुकीचं नाव वगळायचं असेल तर 7, दुरुस्ती किंवा पत्ताबदलासाठी 8. पर्यावरण कायद्याखालच्या प्रारूप अधिसूचनेवर हरकतीला साधारण 60 दिवस मिळतात. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचं प्रारूप मार्च 2014 मध्ये निघालं, पुन्हा पुन्हा काढावं लागलं आणि जुलै 2024 मध्येही प्रारूप म्हणूनच निघालं. हरकत घेताना गावाचं नाव आणि गट क्रमांक लिहा. ‘आमचा विरोध आहे’ एवढ्याने कुणाचं काही हलत नाही.

काजू कारखान्याच्या बॉयलरच्या पुस्तकात ‘लो ड्राफ्ट’ अशी सूचना आहे. (सावंतवाडी)

इथे ड्राफ्ट म्हणजे चिमणीची ओढ. आतला गरम धूर बाहेरच्या हवेपेक्षा हलका असतो, तो वर चढतो आणि भट्टीत ताजी हवा खेचतो. 10 मीटरची चिमणी, धूर 200 अंश आणि बाहेर 30 अंश असेल तर हिशेबाने ही ओढ जेमतेम 4 मिलिमीटर पाण्याइतकी भरते. प्रत्यक्षात आणखी कमी. इतक्या नाजूक ओढीला काजूच्या टरफलांच्या तेलकट धुराची काजळी पुरे होते. आधी चिमणीचा तळ आणि आडवा मार्ग साफ करा. मग झाकणांच्या सांध्यांशी उदबत्ती धरा: धूर आत खेचला जात असेल तर तिथून थंड हवा शिरतेय आणि चिमणी थंड पडतेय. ओलं जळणही तेच करतं, म्हणून आषाढात ही तक्रार वाढते. पंखा असेल तर त्याच्या पात्यांवरचा थर आणि पट्ट्याचा ताण बघा.

स्पेलिंग दोन का? आणि ‘ड्राफ्ट बिअर’मध्ये मसुदा कसला? (वेंगुर्ला)

ब्रिटिश इंग्रजीत बोट, हवा आणि बिअर यांसाठी लांब स्पेलिंग (मधे यू-जी-एच), कागद आणि बँकेसाठी आखूड. अमेरिकेत सगळीकडे आखूड. उच्चार एकच. बाटलीतली नव्हे, पिंपातून नळाने काढलेली ती ड्राफ्ट बिअर. बैलांना लावलं तर ओढकामाची जनावरं, औषधाला लावलं तर एक घोट, सैन्याला लावलं तर सक्तीची भरती (अमेरिकेत ती 1973 मध्ये थांबली). जुन्या इंग्रजीत मासळीलाही हाच शब्द लावत: जाळ्याच्या एका खेचीत आलेला माल. आपल्याकडे रापणीच्या एका ओढीत जेवढं येतं, तेवढं.