आधी त्यांचा कालचा दिवस विचार

प्रिय सिस्टर,

वृद्धांच्या वॉर्डात नेमणूक झाल्याचं तुझं पत्र मिळालं. इथे नुसतं पुसणं, भरवणं आणि डायपर बदलणं, शिकण्यासारखं काही नाही, असं कुणीतरी तुझ्या मनात भरवलेलं दिसतंय. माझं मत अगदी उलट आहे. नर्सच्या नजरेची कसोटी याच वॉर्डात लागते, कारण इथे आजार आपलं नाव सांगत येत नाही.

तरुणाला न्यूमोनिया झाला की ताप चढतो, खोकला येतो, छाती दुखते. ऐंशीच्या माणसाला तोच न्यूमोनिया झाला तर तो कदाचित फक्त जेवण नाकारतो, तोल जाऊन पडतो किंवा दिवसभर गुंगीत पडून राहतो. हृदयविकाराचा झटकाही छातीत जराही न दुखता येऊ शकतो. दम लागतो, घाम येतो, बस्स. तापाचंही तेच. या वयात शरीराचं मूळ तापमानच अनेकदा कमी असतं, म्हणून नेहमीच्यापेक्षा १.१ अंश सेल्सिअसने वाढलं तरी ताप समजायचा. थर्मामीटर ३८ दाखवेपर्यंत थांबलीस तर उशीर होईल.

पण 'नेहमीचं' ठाऊक असल्याशिवाय वाढ कशी कळणार? म्हणून पेशंट आला की सोबत आलेल्या माणसाला पहिलं हे विचार: पंधरा दिवसांपूर्वी हे कसे होते? मधुमेह, रक्तदाब फाईलमध्ये सापडतील. अंघोळ स्वतः करत होते का, कपडे घालत होते का, शौचालयात एकटे जात होते का, अंथरुणातून आपले आपण उठत होते का, लघवी-शौचावर ताबा होता का, आपल्या हाताने जेवत होते का, हे तिथे नसतं. या सहा गोष्टी डॉ. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ साली मांडल्या आणि आजही त्या पुरतात. घरची माणसं ओळखत होते का, हिशेब ठेवत होते का, हेही विचार. पेशंटची तुलना शेजारच्या खाटेशी करू नकोस, त्याच्या स्वतःच्या कालच्या दिवसाशी कर.

आता डिलिरियमबद्दल, म्हणजे आजारपणात अचानक येणाऱ्या गोंधळलेल्या अवस्थेबद्दल, आणि हे नीट वाच. "कालपासून बाबा वेगळेच वागताहेत" असं मुलगी म्हणाली, तर ते वाक्य छातीतल्या दुखण्याइतकं गंभीर धर. विसरभोळेपणा महिन्या-वर्षांनी वाढतो. डिलिरियम तासाभरात, दिवसाभरात येतो आणि एकाच दिवसात कमी-जास्त होत राहतो. सकाळी छान बोललेला माणूस संध्याकाळी भिंतीवरच्या किड्यांबद्दल बोलू लागतो. आरडाओरडा करणारा, सलाईन उपटणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. निमूट पडून राहणारा मात्र सुटतो, कारण तो कुणाला त्रास देत नाही. "आज किती शांत आहेत" असं ऐकलंस की आधी त्या खाटेकडे जा.

डॉ. शॅरन इनोये यांनी १९९० मध्ये डिलिरियम ओळखायची 'कॅम' (कन्फ्यूजन असेसमेंट मेथड) ही तपासणी मांडली. बदल अचानक आलाय आणि कमी-जास्त होतोय, लक्ष टिकत नाहीये, हे दोन्ही हवेत. शिवाय बोलणं विस्कळीत आहे किंवा शुद्ध बदललीय, यांतलं एक, मग डिलिरियम समजायचा. लक्ष तपासायला आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांग. शुक्रवारवर अडकून गाडी भलतीकडे गेली, तर डॉक्टरांना लगेच कळव.

कळवेपर्यंत हात बांधून बसायचं नाही. ओटीपोटावर हात ठेवून लघवी तुंबलीय का बघ. शौच शेवटचं कधी झालं, पाणी किती गेलं, कुठे दुखतंय का ते पाहा. ऑक्सिजन आणि साखर मोज. मग औषधांचा तक्ता उघड. सर्दीच्या किंवा झोपेच्या जुन्या गोळ्या, डायफेनहायड्रामिनसारख्या, या वयाच्या मेंदूला झेपत नाहीत. डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये अशा औषधांची यादीच केली होती आणि तिच्या सुधारित आवृत्त्या अजून निघतात. चष्मा डोळ्यांवर आणि श्रवणयंत्र कानात आहे ना? यंत्राची बॅटरी? आणि कृपा करून त्यांचे हात खाटेला बांधू नकोस. बांधलेला माणूस जास्त घाबरतो, जास्त झगडतो. आपल्याकडे सोय म्हणून हे सर्रास होतं, आणि मला ते कधीच पटलेलं नाही.

तितकीच चीड मला "पडतील, झोपवूनच ठेवा" या सल्ल्याची येते. डॉ. मार्जरी वॉरेन यांनी १९३५ पासून लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात, कायमचे अंथरुणाला खिळलेले म्हणून सोडून दिलेले वृद्ध एकेक करून तपासले, हलवले, चालवले आणि कित्येकांना घरी पाठवलं. एका अभ्यासात धडधाकट वृद्धांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं, तर पायांचं जवळजवळ १ किलो मांस झडलं. आजारी माणसाचं काय होत असेल याचा विचार कर. जेवायला खुर्चीत बसव, दिवसातून दोन-तीनदा चालव. उठवण्याआधी मात्र बी.पी. आडवं असताना घे, मग उभं केल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर त्यांना तोल जाण्याचा धोका आहे, आणि हे डॉक्टरांना सांगायचं.

पडणं बरेचदा शौचालयाच्या घाईत होतं. म्हणून बेल वाजायची वाट न पाहता ठरावीक वेळाने आपणच विचारावं, न्यावं. जो माणूस पंधरा दिवसांपूर्वी आपल्या पायांनी जात होता, त्याला आल्याआल्या डायपर बांधणं म्हणजे त्याची एक क्षमता आपण काढून घेणं. हात कमी असतात, मला माहीत आहे. तरीही.

त्वचेबद्दल थोडक्यात. टाचा आणि माकडहाड रोज बघ. बोटाने दाबून लाली जात नसेल तर बेडसोरची, म्हणजे पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली. सावळ्या अंगावर लाली दिसतच नाही, तिथे हात लावून गरम किंवा टणक लागतंय का पाहा. हा धोका मोजायचं पहिलं नावाजलेलं कोष्टक १९६२ साली डोरीन नॉर्टन या नर्सने सहकाऱ्यांसोबत केलं, हे मी मुद्दाम सांगतेय.

बोलताना समोर बस आणि आवाज खालच्या पट्टीत ठेव. वयात आधी बारीक, उंच सूर ऐकू येईनासे होतात, त्यामुळे ओरडलं की शब्द आणखी फाटतात. प्रश्न त्यांनाच विचार, नातेवाइकांना नंतर. विसरभोळ्या आजी अंघोळीला अंगावर धावून येत असतील तर हट्टी म्हणू नकोस, खांदा दुखतोय का ते आधी पाहा.

आणि हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला द्यायची माहिती. "जैसे थे" असं लिहू नकोस. "काल स्वतः जेवले, आज भरवावं लागलं, काल दाराशी चालत गेले, आज दोघींनी धरलं" असं लिही. डॉक्टर फोनवर "वय झालंय" म्हणाले, तर हीच दोन वाक्यं शांतपणे वाचून दाखव आणि तपासायला यायची विनंती कर. दुसऱ्यांदाही करावी लागली तरी कर. कॅम पहिल्या खेपेला जमेलच असं नाही. अडलीस तर मला फोन कर, रात्रपाळीतही.

तुझी,
जुनी इन्चार्ज सिस्टर