पातं तडकतं कशामुळे?

प्रश्न : घरी पहिली सुरी बनवायची आहे. त्यासाठी ऐरण आणि भाता आधी घ्यावा लागेल का?

नाही. ठोकून घडवणं ही वेगळी विद्या आहे, तिच्यात हात बसायला वेळ लागतो. पहिली सुरी पट्टी कापून, कानशीने घासून करा. १०७५ किंवा १०८४ प्रतीच्या पोलादाची ३ मिमी जाडीची पट्टी घ्या. त्यात कार्बन पाऊण टक्क्याच्या आसपास किंवा थोडा जास्त असतो, म्हणून ते पाणी धरतं, म्हणजे लाल तापवून झटकन निववलं की कडक होतं. ग्रिलचं मऊ लोखंड कितीही लाल करून बुडवलं तरी त्याची धार टिकत नाही. जुनी कानसही चालेल, पण आधी ती लाल करून रात्रभर राखेत पुरून ठेवा, नाहीतर करवत तिच्यावरून नुसती घसरेल.

पातं ८-९ सेंमीचं पुरे. धारेची कड मार्करने रंगवा, तिच्या मधोमध १ मिमी अंतराच्या दोन समांतर रेघा ओढा आणि दोन्ही अंगांनी रेघेपर्यंतच घासा. मुठीच्या रिबिटांची भोकं याच वेळी पाडून घ्या. पाणी दिल्यावर साधं ड्रिल त्या पोलादात शिरत नाही.

प्रश्न : १०८४ च्या पात्याला बादलीतल्या पाण्यात बुडवून पाणी दिलं. ‘टिक्’ असा आवाज झाला आणि धारेपासून पाठीकडे चीर गेली. दुसरं पातं वाकडं झालं. चुकलं कुठे?

शब्द ‘पाणी देणं’ असला तरी या पोलादाला तेल लागतं. कडक होताना पोलाद किंचित फुगतं. पातळ धार आधी निवते, जाड पाठ मागून, आणि दोघींच्या ओढाताणीत पातं फुटतं. पाण्यात हे फार झपाट्याने होतं. उभट लोखंडी डब्यात चार-पाच लिटर खाद्यतेल ५० अंशांपर्यंत कोमट करून घ्या. थंड तेल घट्ट असतं, ते उष्णता सावकाश ओढतं आणि पातं अर्धवट कडक होतं.

चिरलेलं पातं टाकू नका. जाड कापडात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून शिकंज्यात तोडा आणि तुटलेली कड उजेडात धरा. ती करड्या मखमलीसारखी दिसली, तर ताव, म्हणजे बुडवण्याआधी दिलेली उष्णता, बरोबर होता. साखरेसारखे चमकते दाणे दिसले, तर ताव जास्त झाला होता, आणि असं पातं तेलातही दगा देतं.

ताव ओळखायला चुंबक वापरा. सुमारे ७७० अंशांना पोलादाला चुंबक चिकटायचं थांबतं. १०८४ ला साधारण ८१५ लागतात, म्हणजे तिथून रंग एक छटा उजळ होईपर्यंतच. अंधाऱ्या जागी काम करा, उन्हात रंग फसवतो. तेलात घालण्याआधी तीनदा तापवून वाऱ्याच्या झोताबाहेर, हवेत निवू द्या. त्याने दाणा बारीक होतो आणि घासताना साठलेला ताण सुटतो, तोच ताण पातं वाकवतो. कानशीचे आडवे ओरखडे १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने काढा, कारण चीर बहुधा ओरखड्यातूनच सुरू होते.

पातं टोकाकडून सरळ खाली घाला आणि धार-पाठ अशा दिशेनेच हलवा. डावी-उजवीकडे ढवळलंत की एक बाजू आधी निवते आणि पातं वाकतं. मग कानस फिरवून बघा, काचेवरून जावी तशी घसरली पाहिजे. पहिल्या दोन-चार घासांत ती थोडी चावली तर घाबरू नका, वरच्या सालीतला कार्बन जळलेला असतो.

या अवस्थेत पातं हातातून पडलं तरी फुटू शकतं. म्हणून त्याच दिवशी ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, मधे निववून पुन्हा दोन तास ठेवा. ओव्हनच्या बटणावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. घासून चकचकीत केलेल्या भागावर सुक्या गवताचा पिवळा रंग आला की झालं. निळा आला, तर सुरीसाठी धार मऊ पडली.

प्रश्न : भट्टीसाठी जस्ताचा मुलामा दिलेला पाइप चालेल?

मुळीच नाही. जस्त ९०७ अंशांना उकळतं, भट्टी त्याच्या वर जाते. त्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. भट्टी उघड्यावरच ठेवा. तेलाच्या डब्याचं लोखंडी झाकण हाताशी असू द्या. तेल पेटलं तर झाकण घाला, पाणी कधीही ओतू नका.

प्रश्न : लाकडी चमचा कोरताना खोलगट भागात लाकूड उपसून येतं.

तुम्ही एकाच दिशेने टोकापासून टोकापर्यंत कोरत असणार. खळग्याच्या तळापर्यंत पटाशी लाकडाच्या रेषेबरोबर उतरते आणि तळ ओलांडला की रेषेच्या उलट वर चढते, तिथेच लाकूड उपसतं. दोन्ही काठांकडून तळाकडे उतरत कोरा आणि तळाशी उरलेला उंचवटा आडव्या, पातळ कापांनी काढा. मग पटाशीची धार तपासा. मऊ लाकडाच्या तोंडावर, म्हणजे जिथे रेषा संपतात तिथे, एक काप घ्या. काप चकचकीत आला तर धार ठीक. पांढुरका, चुरगळलेला आला तर पटाशी १००० नंबरच्या दगडावर लावून चामड्यावर घासा.