वॉशिंग्टनचा पैसा शहराच्या तिजोरीत येतो कसा?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. 2021 सालचा मदतनिधी महापौरांनी 'खेचून आणला' असं प्रचारात ऐकलं. खरं का?

अतिशयोक्ती आहे. कोविडकाळातल्या 'अमेरिकन रेस्क्यू प्लॅन' या मदत कायद्याने राज्यं आणि स्थानिक संस्थांसाठी 350 अब्ज डॉलर ठेवले आणि वाटपाची सूत्रंही कायद्यातच होती. मोठ्या शहरांचा वाटा लोकसंख्या, गरिबी, जुनी घरं अशा निकषांवर ठरून थेट ट्रेझरी खात्याकडून (केंद्राच्या अर्थखात्याकडून) आला. साधारण 50 हजारांच्या आतल्या गावांना तो राज्यामार्फत, लोकसंख्येच्या प्रमाणात मिळाला. महापौरांचं काम नोंदणी करून अटींवर सही करण्याचं. श्रेय द्यायचंच तर पैसा कुठे खर्च केला हे बघून द्या.

प्रश्न : मग स्पर्धा कुठे असते?

मंदीतून सावरण्यासाठी केलेल्या 2009 च्या 'रिकव्हरी अ‍ॅक्ट'मध्ये होती. त्या कायद्याची एकूण रक्कम तेव्हाच्या अंदाजाने 787 अब्ज. त्यातही बराच पैसा सूत्रानेच वाटला गेला. पण 'टायगर' नावाच्या वाहतूक योजनेचे 1.5 अब्ज अर्ज करून मिळवायचे होते. 1,400 हून जास्त अर्ज आले, मागणी सुमारे 60 अब्जांची, आणि निवडले गेले फक्त 51 प्रकल्प.

त्या काळात परवलीचा शब्द होता 'शोव्हेल-रेडी', म्हणजे उद्या कुदळ मारता येईल असं काम. आराखडा पक्का, जागा ताब्यात, पर्यावरणाची मंजुरी हातात. मंदीत पैसा लवकर फिरायला हवा, हे बरोबरच. पण घाईच्या पैशाला रस्त्याचं डांबरीकरण सोपं पडतं, नवा पूल नाही. ज्या शहराच्या अभियंत्यांनी मंदीच्या आधीच नकाशे तयार ठेवले होते, त्यांचं फावलं. खुद्द ओबामांनी 2011 मध्ये हसत कबूल केलं की 'शोव्हेल-रेडी' कामं वाटली तितकी तयार नव्हती.

प्रश्न : पैसे आधी हातात येतात का?

योजनेवर अवलंबून. 2021 मध्ये निम्मी रक्कम आगाऊ आली, उरलेली सुमारे वर्षभराने. 2009 चा महामार्गांचा निधी मात्र राज्याच्या वाहतूक खात्यातून फिरत आला आणि त्यात आधी काम, मग बिल, मग परतावा. ठेकेदाराचं बिल थकवून चालत नाही, म्हणून तोवर शहराच्या गंगाजळीवर ताण. शिवाय अटी : मजुरांना ठरलेली मजुरी, अमेरिकी पोलाद, दर तिमाहीचा अहवाल. छोट्या गावातला एकटा कारकून यातच बुडतो. अर्ज लिहिणं त्यापुढे सोपं म्हणायचं.

प्रश्न (पुण्याहून) : आपल्याकडेही असंच का?

आपल्याकडे वित्त आयोगाचं अनुदान राज्यामार्फत येतं. 15 व्या आयोगाने राज्यांना बजावलं होतं, की पैसे मिळाल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत पुढे द्या, नाहीतर व्याजासकट द्या. महापालिकेच्या अंदाजपत्रकात या अनुदानाची नोंद असते. तारखा जुळवून बघायला हरकत नाही.