शाईचं बोट

लाडक्या सई,

परवा आजीने वाईहून बोटाचा फोटो पाठवला आणि तू विचारलंस, "आजी ते शाईचं बोट एवढं का मिरवते? आणि पणजीला वाचता येत नव्हतं, तर तिने मत कसं दिलं? अलाबामात तर वाचता येत नाही म्हणून लोकांना मत देऊ देत नसत, असं शाळेत सांगितलं." गाडीत मी काहीतरी थातूरमातूर बोलले. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे पत्र.

पणजी १९५२ साली पहिल्यांदा मतदानाला गेली ती नऊवारी चोपून नेसून, नथ घालून, सणाला निघावं तशी. टेबलापाशी नवऱ्याचं नाव विचारलं. तेव्हा बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, घेतलंच तर उखाण्यात. पणजी पदर ओढून गप्प उभी. शेवटी मागच्या म्हातारीने नाव सांगितलं. आत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चित्र: कुठे बैलजोडी, कुठे झाड. चित्र बघायचं आणि चिठ्ठी टाकायची. देशात शंभरातल्या ऐंशीहून जास्त जणांना अक्षरओळख नव्हती, म्हणून ही सोय. सगळ्या प्रौढांना मताधिकार द्या, असं डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे १९२८ सालीच मांडलं होतं. सगळं गोडच होतं असं नाही. उत्तरेकडे जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली, कारण 'अमक्याची बायको' यापलीकडे त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही.

अलाबामातल्या सेल्मा गावात मात्र अक्षरांचाच अडसर केला होता. त्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, निम्मे लोक कृष्णवर्णीय, आणि त्यांच्यातल्या शंभरातल्या दोघातिघांचीच नावं यादीत. नोंदणीची कचेरी महिन्यातून दोन सोमवारी उघडायची. तिथे राज्यघटनेवर प्रश्न विचारायचे, आणि पास-नापास ठरवणार गोरा अधिकारी. मुलांना शिकवणारे शिक्षकसुद्धा तिथे नापास व्हायचे! म्हणजे वाचता न येणं हे निमित्त होतं, सई. निम्म्या गावाला दाराबाहेर ठेवून निवडून आलेला शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, त्या गावाचा कसा म्हणायचा? मला तरी तो म्हणवत नाही.

आपण सेल्माच्या त्या पुलावर गेलो होतो, आठवतं? चढ एवढा की मधोमध पोचेपर्यंत पलीकडचं काही दिसत नाही. ७ मार्च १९६५ ला मताच्या हक्कासाठी मोर्चाने निघालेले सहाशे जण तो चढ चढले, आणि वर आल्यावर त्यांना समोर काठ्या घेतलेले पोलीस दिसले. पुढे आपल्या अटलांटाचे खासदार झालेले जॉन लुईस त्या मोर्चात होते, तेव्हा २५ वर्षांचे. पोलिसांच्या मारात त्यांची कवटी फुटली. तू कठड्यावर हात ठेवून खाली नदी बघत होतीस आणि मला बोलवेना.

त्याच ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला आणि तिथल्या त्या परीक्षा बंद झाल्या. जिथे असा अन्याय झाला होता, त्या राज्यांना मतदानाचा कुठलाही नियम बदलायचा तर आधी वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागे. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ती अट निकामी केली. आता आपल्या जॉर्जियात मतदान केंद्रापासून दीडशे फुटांच्या आत रांगेतल्या माणसाला कुणी बाटलीभर पाणी देणंही गुन्हा आहे. वारीच्या वाटेवर अनोळखी माणसाला पाणी देणाऱ्यांत मी वाढले. मला हे पटणं शक्यच नाही.

आणि हे फक्त 'त्यांचं' नाही. पंजाबातून इथे आलेले भगतसिंग थिंद अमेरिकी सैन्यात होते, तरी १९२३ साली याच कोर्टाने त्यांना सांगितलं की तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिकत्व नाही. भारतीयांना ते दार १९४६ साली उघडलं. ज्या कायद्यामुळे आपल्यासारखे इतके जण इथे येऊ शकले, तोही १९६५ चाच, ऑक्टोबरमधला. पुलावर मार खाणाऱ्यांनी जी हवा बदलली, तिच्यातच तो झाला. मतदानाच्या रांगेत माझ्यामागे काठी टेकत उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय आजीबाईंना मी "आधी तुम्ही" म्हणाले ते म्हणूनच.

मी ५ नोव्हेंबरला मत दिलं, आजीने २० ला. आजीची शाई नख वाढेल तशीच जाईल. रविवारी व्हिडिओ कॉलवर तिला ते बोट पुन्हा दाखवायला सांग, आणि मतदान केंद्रावर मिळालेलं, डब्यावर चिकटवलेलं तुझं पीचचं स्टिकर तिला दाखव.

तुझी,
आई