वाचकांचे प्रश्न : नववी-दहावीचं विज्ञान आणि गणित

प्रश्न : नववीच्या ‘धाराविद्युत’ पाठातला ओहमच्या नियमाचा (तापमान कायम असताना तारेतली धारा व्होल्टच्या प्रमाणात बदलते) प्रयोग आजवर शिक्षक टेबलावर करून दाखवत. आता तो मुलांनीच करावा असा आग्रह आहे. वर्गात ६० मुलं, धारा मोजणारे अमीटर चार. जमवायचं कसं? – एक विज्ञान शिक्षिका, जि. बीड

उत्तर : जोडतास घ्या आणि पाच-पाच जणांचे बारा गट पाडा. एका वेळी चार गट मांडणीवर बसतील, प्रत्येकी १५ मिनिटं. उरलेल्या आठ गटांनी तोवर परिपथाची आकृती काढायची, तक्ता आखायचा आणि व्होल्ट-धारेचा आलेख कसा येईल याचा अंदाज वहीत लिहून ठेवायचा. वेळ कमी पडला तरी अंदाज लिहून घेणं मात्र सोडू नका. लिहिलेला अंदाज चुकला की मूल आपणहून जोडणी पुन्हा तपासतं. नुसतं बघणारं मूल फळ्यावरचे आकडे उतरवून मोकळं होतं.

दर मांडणीला ०.४ मिमी व्यासाची १ मीटर नायक्रोम तार, १.५ व्होल्टचे चार सेल, ० ते १ ॲम्पियरचा अमीटर, व्होल्टमीटर आणि कळ पुरते. या तारेचा रोध मीटरला साधारण ९ ओहम असतो. म्हणजे एका सेलवर सुमारे ०.१६ आणि चार सेलवर ०.६ ॲम्पियरच्या आसपास धारा मिळते. तार ५० सेंमीपेक्षा आखूड घेऊ नका आणि ५० सेंमीला दोनच सेल लावा, नाहीतर ती चटका बसण्याइतकी तापते. तारेची टोकं काचकागदाने घासून घ्या. टोकांवर थर राहिला की काटा थरथरतो आणि दर वेळी वेगळा आकडा येतो.

सगळ्यात जास्त चूक कुठे होते? मुलं व्होल्टमीटर न बघताच १.५, ३, ४.५, ६ असे आकडे लिहून टाकतात. वापरलेले चार सेल धारा वाहताना ५.२ व्होल्टच देत असतील आणि वहीत ६ लिहिले असतील, तर रोध उगाच जास्त निघतो. म्हणून व्होल्टमीटर तारेच्या दोन टोकांना समांतर जोडायला सांगा, कळ दाबलेली असतानाच वाचन घ्या आणि लगेच कळ सोडा. अमीटर मात्र एकसरच. तो चुकून समांतर जोडला तर जवळजवळ सगळी धारा त्याच्यातूनच जाते आणि अमीटर कायमचा बिघडू शकतो. अमीटरऐवजी मल्टिमीटर वापरत असाल, तर २०० मिलिॲम्पियरचा टप्पा इथे अपुरा आहे, फ्यूज उडेल. लाल वायर १० ॲम्पियरच्या भोकात घाला आणि व्होल्ट मोजण्याआधी ती आठवणीने परत जागेवर लावा.

शेवटच्या दहा मिनिटांत नायक्रोमच्या जागी टॉर्चचा साधा, आत तार असलेला बल्ब लावा (एलईडी नको). बल्ब जितक्या व्होल्टचा असेल त्याच्या वर जाऊ नका. नायक्रोमचा आलेख सरळ येतो, बल्बचा वाकतो, कारण तापलेल्या टंगस्टनचा रोध थंड असतानाच्या कित्येक पट होतो. ‘तापमान कायम असताना’ ही नियमातली अट मुलं पाठ करतात. ती कशासाठी आहे हे त्यांना या वाकलेल्या रेषेवरून कळतं. आमच्या मते प्रयोगाचा खरा गाभा हाच आहे. वेळ अपुरा पडला तर सरळ रेषेची वाचनं कमी करा, बल्ब टाळू नका.

प्रश्न : दहावीच्या बीजगणितात जीएसटी कशाला? मुलगा सूत्र पाठ करतो, पण गणित चुकतं. – एक पालक, सोलापूर

उत्तर : २०१८च्या पाठ्यपुस्तकात ‘अर्थनियोजन’ आलं ते शेकडेवारी खऱ्या व्यवहारात वापरता यावी म्हणून. चूक बहुधा एकाच ठिकाणी होते : टक्के कशावर काढायचे? छापील किंमत १००० रुपये, सूट १० टक्के, जीएसटी १८ टक्के. करपात्र रक्कम ९००, कर १६२ (केंद्राचा ८१, राज्याचा ८१), एकूण १०६२. मुलं कर १०००वर काढून १०८० लिहितात. उलटं गणित त्याहून फसवं असतं. करासह ११८० रुपये दिले, तर मूळ किंमत ११८० × १०० ÷ ११८ = १०००. पण ११८०चे १८ टक्के वजा केले, तर ९६७.६० येतात. घरातली खरी बिलं समोर ठेवा आणि करपात्र रक्कम त्याला बोटाने दाखवायला सांगा. २२ सप्टेंबर २०२५पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले आहेत. त्यामुळे जुन्या गणितातले दर आजच्या बिलाशी जुळणार नाहीत, पण रीत तीच राहते.

प्रश्न : जिओजेब्रा (भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर) असताना कंपासपेटी हवीच का? – एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : हवीच. परीक्षेत रचना कंपासनेच काढायची असते. जिओजेब्राचा उपयोग रचना हलवून बघण्यासाठी करा. वर्तुळाबाहेरच्या P बिंदूतून दोन स्पर्शिका काढा आणि P ओढत फिरवा. दोन्ही स्पर्शिकाखंडांची लांबी बदलते, पण एकमेकींइतकीच राहते. स्पर्शबिंदू नजरेने अंदाजे ठेवलात तर ओढताच आकृती विस्कटते, म्हणून ते छेदनबिंदूच्या साधनानेच घ्या. लांबी पडद्यावर सारखी दिसली म्हणजे प्रमेय सिद्ध झालं असं नाही. केंद्रापासून त्रिज्या काढून दोन काटकोन त्रिकोण एकरूप आहेत हे वहीत दाखवावंच लागेल.