डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या आजी-आजोबांना सांभाळणाऱ्या नव्या ताईसाठी: त्यांच्या दिवसाची घडी कशी बसवायची

फळ्यावर तासातासाचं वेळापत्रक लिहिण्याआधी घरच्यांना एकच विचार: आजोबा निवृत्तीपूर्वी सकाळी उठून काय करायचे? सुरुवातीच्या डिमेन्शियात कालचं जेवण आठवत नाही, पण हाताला लागलेली सवय बराच काळ टिकते. म्हणून रंगीत मणी ओवायला देऊ नकोस. पोस्टात काम केलेल्यांना पाकिटं पिनकोडनुसार लावायला दे. आजींना हिवाळ्यात तुरीच्या शेंगा सोलायला दे, संत्री सोलून फोडी करायला दे, आणि ते खरोखर जेवणात वाढ. काम खोटं आहे हे त्यांना कळतं, आणि ते फार लागतं गं.

अवघड काम सकाळी, नाश्त्यानंतर, आणि अर्ध्या तासात संपेल इतकंच. क्रम रोज तोच ठेव. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा बागेतलं फिरणं सूर्य वर यायच्या आत उरकायचं, आणि पाणी मागायची वाट न बघता हातात द्यायचं. तहान लागल्याचं त्यांच्या लक्षात येत नाही, आणि शरीरातलं पाणी कमी झालं की गोंधळ वाढतो.

संध्याकाळी बरेच जण अस्वस्थ होतात, घरी जायचं म्हणतात. दिवे अंधार पडण्याआधीच लाव, टीव्ही बंद कर, खंजिरीवर भजन घे. “हेच तुमचं घर” असा वाद घालू नकोस. घरी कोण कोण आहे ते विचार, बोलू दे.

“ओळखा पाहू मी कोण?” हे मात्र कधीही विचारू नकोस. रोज आपणच नाव सांगायचं.