रावेरच्या केळी उत्पादक गटातल्या १२ जणांना कामासाठी सुरक्षित सॉफ्टवेअर कोणतं? शेतकऱ्यांचे आधार, पासबुकही त्यात ठेवायचेत.

सर्व्हर सांभाळणारा माणूस हाताशी असेल तर नेक्स्टक्लाउड (आपल्याच सर्व्हरवर फाइली ठेवून गटात वाटायचं सॉफ्टवेअर) बसवा. नसेल तर टू-फॅक्टर लॉगिन (पासवर्डसोबत ओटीपीसारखा दुसरा पुरावा), फोल्डरनिहाय परवानगी आणि कोणी काय उघडलं याची नोंद देणारी पैसे भरून मिळणारी सेवा घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे सेवा दुसऱ्याची असली तरी जबाबदारी गटाचीच; सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटींपर्यंत. माहिती फुटते ती बहुधा 'लिंक असेल त्याला' उघडणाऱ्या पासबुकच्या फोटोतून, किंवा काम सोडून गेलेल्या पोराचं खातं चालूच राहिल्याने. लिंकला पासवर्ड आणि ७ दिवसांची मुदत लावा. आधारचे पहिले ८ अंक झाकूनच फोटो चढवा. ऑफिसातल्या जुन्या पीसीचा सर्व्हर मात्र करू नका, लाइट गेली की सगळं ठप्प.